कूळ आणि मेरिट

इंग्रजीतल्या सद्गुणांची नावे बारशात ठेवलेली नाहीत, वारसाहक्काने आलेली आहेत. 'जेंटल' म्हणजे आज सौम्य, पण मुळात खानदानी. 'जेनेरस' म्हणजे आज उदार, पण लॅटिनमधून येताना अर्थ होता उच्चकुलीन. आणि 'व्हिलन'? मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस. म्हणजे ज्याचे कूळ मोठे तो सज्जन, आणि जो दुसऱ्याच्या जमिनीवरचे कूळ तो खलनायक! कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. आता 'मेरिट' आले, तिथे बापजाद्यांना विचारतो कोण? पण 'मेरिटोक्रसी' हा शब्द समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८च्या आपल्या पुस्तकातून रूढ केला, तो चक्क उपहास म्हणून. परीक्षांच्या शिडीने वर चढलेले लोक खाली राहिलेल्यांना नालायक ठरवून मोकळे होतील, ही त्यांची भीती. वाचणाऱ्यांनी (बहुधा न वाचणाऱ्यांनीच) त्या इशाऱ्याची घोषणा करून टाकली. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तरी हा शब्द टाकावा, असे यंग यांना २००१ साली वर्तमानपत्रात लिहावे लागले. तोवर ते स्वतः लॉर्ड होऊन तेवीस वर्षे झाली होती. गुणांवरच, अर्थात.