ठोकता न येणारी गाडी

प्रत्येक गावात एक गाडी अशी असते, की ती कुठली हे बघणाऱ्याला कळत नाही आणि मालकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कोल्हापुरात अशा गाडीच्या मालकाला डॉल्फिनवाले काका म्हणतात. दुसऱ्या गावात नाव दुसरं असेल, पण इसम हाच. साठी ओलांडलेला, बोटांच्या पेरांवर वाळलेलं रेझिन, शर्टाच्या खिशात रुपयाचं नाणं. नाण्याचं काम पुढे येईल.

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं नुसतं "कुठली ओ ही?" म्हटलं की संपलं. हिरवा लागतो, मागचे हॉर्न बडवतात आणि काका 1982 सालात असतात. बंगळूरच्या सिपानी कंपनीनं इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून ही दोन दारांची डॉल्फिन काढली. इंजिन 848 सीसीचं, तेही अ‍ॅल्युमिनियमचं, आणि बॉडी सगळी फायबरग्लासची. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि सगळा देश पत्र्याकडे गेला, हे काका अजूनही किल्लेदार फितूर झाल्याच्या सुरात सांगतात. अमेरिकेत 1953 साली शेव्हरोलेनं पहिल्या 300 कॉर्व्हेट बनवल्या, त्याही फायबरच्याच. त्यामुळे कॉर्व्हेट आणि काकांची डॉल्फिन यांचं नातं आहे. चुलत की मावस, एवढंच ठरायचंय. "शेळी खाती म्हणं ह्या गाडीला?" असं कुणी विचारलंच, तर काका इंजिन बंद करून खाली उतरतात. तो विनोद पूर्व जर्मनीच्या ट्राबांटवरचा आहे, तिच्या बॉडीत काचेचे धागे नसून कापसाचे होते, सबब शेळीचा प्रश्न तिकडे न्यावा.

या गाडीला पोच पडत नाही, तडा जातो. आमच्याकडे प्रत्येक मंडळानं आपापल्या दारात हौसेनं एकेक गतिरोधक घातलेला आहे, त्यामुळे तड्यांना तोटा नाही. दाराच्या बिजागरीपाशी, चाकाच्या कमानीवर, बंपर जिथं बोल्टनं धरलाय तिथं. सुरुवातीला काकांनी गाडी डेंटिंगवाल्याकडे नेली होती. त्यानं हातोडा उचलला, बोनेटवर हात फिरवला आणि हातोडा परत ठेवला. "काका, पत्रा असता तर दोन ठोक्यांत सरळ केला असता. हिला ठोकली तर दुसरीकडनं फुटंल." त्या दिवसापासून काकांनी दुरुस्ती स्वतःकडे घेतली आणि शेजाऱ्यांचे रविवार गेले.

आता नाणं. तडा दिसतो तेवढाच नसतो, असं काकांचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. रंगाखालच्या जेलकोटला बारीक चिरा पडतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, त्या वरच्यावर असतात. पण आतले थर सुटले असतील तर वरून काही कळत नाही. म्हणून काका नाण्यानं बॉडी वाजवत जातात. टक, टक, टक, बद्द. बद्द आलं की तिथं खडूनं फुली. हे एवढ्या एकाग्रतेनं चालतं, की पार्किंगमध्ये कुणी मोबाईलवर बोलत आलं तरी काका हात वर करून त्याला थांबवतात. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिलनं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. रंग काढायला रसायन वापरायचं नाही, ते रेझिनही खातं. पेपर घ्यायचा आणि घासायचं. खरी ताकद आतून द्यायची असते, त्यामुळे काका चाकाच्या कमानीखाली पाठीवर पडून तड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उतार देत घासतात. बाहेर फक्त पाय दिसतात. येणारे-जाणारे पायांशी बोलतात.

मग अ‍ॅसिटोननं पुसणं, आणि मग मॅट. काचेच्या धाग्यांची ती पांढरी मॅट काका कात्रीनं कधी कापत नाहीत, हातानं फाडतात. फाडलेल्या कडेचे धागे मोकळे राहतात आणि जोड कळत नाही. हे फाडणं बघण्यासारखं असतं. चेहऱ्यावर असा भाव, की मॅटला दुखेल. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून ढवळायचं, ते गुलाबीसर झालं की मग हार्डनर, शंभराला एक ते दोन. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, म्हणून काकांनी त्यांच्या बाटल्या घराच्या दोन टोकांना ठेवल्या आहेत: एक गॅलरीत, एक देवघराच्या कपाटावर. काकू पहाटे देवाला दिवा लावताना आधी वर बघतात.

हार्डनर मोजायला मेडिकलमधून आणलेली बिनसुईची सिरिंज. रेझिन मोजायला स्वयंपाकघरातला काटा.

"अहो, हा काटा पुरणाचा आहे की गाडीचा?"

"आज गाडीचा."

"आणि वास?"

"तासाभरात जाईल."

वास तासाभरात जात नाही. दोन्ही जिन्यांनी चढतो, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकी लावून घेतात आणि त्यांची सूनबाई खाली बघून "झाली का पूजा?" विचारते. काकांना ऐकू येत नाही, कारण हार्डनर पडल्यावर हातात फार तर पंधरा-वीस मिनिटं असतात. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं. मॅट रेझिन प्याली की पारदर्शक होते. जिथं पांढरं राहिलं तिथं हवा अडकली. वर ओएचपीची जुनी पारदर्शक शीट दाबून बसवायची, कारण हवा लागली तर वरचा पापुद्रा चिकटच राहतो. एवढ्यात कुणीतरी इतिहास विचारतो, काका 1982 सालात जातात आणि डब्यातलं उरलेलं रेझिन गरम होऊन धुरावतं. तो डबा मग काकू चिमट्यानं उचलून अंगणात नेऊन ठेवतात. त्या चिमट्यावर आता कुणी पापड भाजत नाही.

संध्याकाळी काका अंग खाजवत बसलेले दिसतात. काचेच्या धुळीवर गार पाण्याची आंघोळ हाच उपाय, ऊन पाणी घेतलं की कण आणखी रुततात, असा त्यांचा दावा. जुलैत मात्र सगळंच बंद. कोल्हापूरचा पाऊस लागला की दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, मग काका नुसते नाणं वाजवत फिरतात. त्या दिवसांत लोक आपापले फुटलेले बंपर घेऊन येतात. काका अंगठ्यानं दाबून बघतात, "पॉलिप्रॉपिलीन. ह्याला आमचं रेझिन चिकटत नाही," म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. त्यात तुच्छता असते, पण सल्ला अचूक असतो.

काकांच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण मात्र विम्याच्या सर्व्हेअरनं आणला. एका टेम्पोनं डाव्या कमानीला घासलं होतं. सर्व्हेअरनं फॉर्मवर लिहिलं 'डेंट' आणि पुढे 'प्लास्टिक'. काकांनी आधी डेंट शब्द खोडायला लावला. मग चष्मा पुसून त्यांनी नियम वाचून दाखवला: रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट, फायबरग्लासवर 30 टक्के. पत्र्याची घट गाडीच्या वयाप्रमाणे वाढत दहा वर्षांनंतर निम्म्यापर्यंत जाते, फायबरला वयाची अट नाही. "म्हणजे काय? सरकारदरबारी ही गाडी म्हातारी होत नाही!" सर्व्हेअर बिचारा मान डोलवत होता. त्या भांडणातून काकांना जे जास्तीचे मिळाले, त्यात सर्व्हेअरचा चहाही बसला नसता. पण तो कागद लॅमिनेट होऊन डॅशबोर्डवर आहे.

एवढं सगळं मान्य. गाडीची बॉडी आज आरशासारखी आहे. पण डॉल्फिनच्या बॉडीखाली लोखंडी चॅसिस असते, आणि चाळीस पावसाळ्यांत तिच्यावर काकांनी कधी नाणं वाजवून पाहिलेलं नव्हतं. परवा उद्यमनगरात गाडी रॅम्पवर चढवली, तेव्हा मिस्त्री खालून ओरडला, "काका, वरचं ऱ्हाऊ द्या, खालचं बघा की! हे बघा, पेनाचं टोक आरपार जातंय." वेल्डिंग करायचं तर ठिणगीनं फायबर पेटेल, म्हणजे आधी बॉडी उतरवा.

काका वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन, हात पुसत म्हणाले, "लोटसनं 1957 साली एलिट काढली, तिला वेगळी चॅसिसच नव्हती. सगळी फायबरची."

मिस्त्रीनं एकदा काकूंकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"मग कसं करू काका? मशीन लावू, का मॅट आणायला माणूस धाडू?"