आजीव सभासद

मामांच्या पाकिटात नोटा कमी आणि कार्डं जास्त. साखर कारखान्याच्या सभासदत्वाचं कार्ड, गावच्या विकास सोसायटीचं, दूध संस्थेचं, सावेडीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं, जिल्हा वाचनालयाचं, ग्राहक पंचायतीचं आणि एका पतसंस्थेचं. ही पतसंस्था अवसायनात निघून बरीच वर्षं झाली. "ते कशाला बाळगता?" असं कुणी विचारलं की मामा म्हणतात, "संस्था बुडाली. सभासदत्व कुठं बुडालंय?" वर्षातून एकदा ते अवसायकाच्या कार्यालयात जाऊन येतात. पैसे मिळतील अशी आशा नसते, पण तिथला कारकून चहा पाजतो आणि जुन्या संचालकांच्या गोष्टी ऐकून घेतो.

असा माणूस नगर जिल्ह्यात दर गावाला एक तरी सापडतो. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, मामांच्या सगळ्या कार्डांवर अजून अहमदनगरच आहे, आणि ते बदलायला कुठं किती फी पडेल याची चौकशी त्यांनी करून ठेवली आहे.) विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ उभा केलेला सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, तेव्हापासून इथल्या माणसाला शेअर घेतल्याशिवाय चैन पडत नाही. शेअर घेतला की दिवाळीला सवलतीची साखर, सप्टेंबरात सर्वसाधारण सभा आणि निवडणूक लागली की महिनाभर दोन्ही पॅनेलची जेवणं. मामा वार्षिक अहवाल शेवटच्या पानाकडून वाचायला घेतात, कारण पुढच्या पानांवर फोटो असतात आणि मागच्या पानांवर तोटा. सभेत ते माइकजवळची खुर्ची धरतात. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय पुकारले की सगळं गाव साखरेच्या कुपनाकडे पळतं आणि मामा उभे राहतात. त्यांना उभं राहिलेलं पाहिलं की चेअरमन आधीच सांगून टाकतात, "मामा, तुम्हाला लेखी उत्तर पाठवतो."

अशा माणसाला एके दिवशी फोन आला की अभिनंदन, पेट्रोल पंपावर तुम्ही जो फॉर्म भरला होता त्यात तुमचा नंबर लागला आहे. मामा समोर येईल तो फॉर्म भरतात, त्यामुळे हा कुठला ते त्यांना आठवेना. नगर–मनमाड रस्त्यावरच्या एका हॉटेलात यायचं, दीड तासाचा कार्यक्रम, तीन दिवस–दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर नक्की. अट एकच, जोडीनं यायचं. मामी म्हणाल्या, "जोडीनं तर सत्यनारायणाला बसतात." तरी त्यांनी लग्नाकार्यातली साडी नेसलीच.

हा धंदा मूळचा इथला नाही. साठच्या दशकात आल्प्सच्या डोंगरात तो जन्मला: अख्खं घर परवडत नाही ना, मग त्यातला वर्षाचा एक आठवडा विकत घ्या. अमेरिकेत मोठमोठ्या हॉटेल साखळ्यांनी तो उचलला. मॅरियट त्यात 1984 साली उतरलं. आपल्याकडे 1986 साली स्टर्लिंग आलं, 1996 साली महिंद्रांचा हॉलिडे क्लब आला. एकरकमी पैसे भरा, पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री आमच्या रिसॉर्टमध्ये राहा, असा साधारण ढाचा. शिवाय दरवर्षी देखभालीची फी, ती राहिलात तरी आणि नाही राहिलात तरी.

हॉलमध्ये गारेगार एसी, गाणी मोठ्यानं लावलेली. दर गोल टेबलाला एक जोडपं आणि एक टाय लावलेला मुलगा. मामांच्या टेबलाचा मुलगा नेवासा तालुक्यातला निघाला. पहिल्या दहा मिनिटांत मामांनी त्याचं गाव, जमीन, विहिरीचं पाणी आणि वडील कुठल्या कारखान्याला ऊस घालतात हे सगळं काढून घेतलं. मग बिचाऱ्यानं आपल्या कागदावरचा पहिला प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही फिरायला किती वेळा जाता?"

"रोज. पहाटे साडेपाचला."

"तसं नाही सर, व्हेकेशनला."

"ती शाळेला असते, लेकरा."

मुलगा कच्चा नव्हता. त्यानं मुन्नार दाखवलं, मनाली दाखवली, गोव्याचा तरणतलाव दाखवला. दरवर्षी सात दिवस, दरवर्षी नवं ठिकाण, असं तो म्हणाला तेव्हा मामांनी मामींकडे पाहिलं. "हे तर सराला बेटाच्या सप्ताहासारखं झालं. श्रावणात सात दिवस, दरवर्षी नवं गाव. तिथं आमटी-भाकरी फुकट असते, तुमच्याकडं जेवण धरून का?" जेवण धरून नव्हतं. मात्र खोलीत छोटं किचन होतं, भांडीकुंडी, गॅस सगळं. "आपल्या चवीचं बनवून खाता येतं मॅडम," असं मुलानं मामींना कौतुकानं सांगितलं. तिथपर्यंत मामी खुशीत होत्या. "म्हणजे मनालीला जाऊनही पोळ्या मीच लाटायच्या," असं म्हणून त्यांनी बिस्किटाची बशी बाजूला सारली.

मामांचे प्रश्न सुरू झाले. सर्वसाधारण सभा कधी असते? नसते सर. मग वार्षिक फी वाढवायची तर ठराव कोण मांडतं? कंपनी कळवते सर. सभासदाला मत? लाभांश? शेअर विकायला काढला तर? ट्रान्सफर होतो सर, चार्जेस आहेत. इथं मामांनी चष्मा काढून पुसला. पन्नास वर्षं सभासद राहिलेल्या माणसाला, ज्यात ओरडायला माइकच नाही असं सभासदत्व पहिल्यांदाच भेटत होतं. "पंचवीस वर्षं म्हणजे मी त्र्याण्णवचा होईन," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "मुलाच्या नावावर करता येईल की सर." "म्हणजे हॉटेल तुमचं, फी पोराची आणि शिव्या मला, त्याही वरती."

मधेच पलीकडच्या टेबलावर कुणीतरी सही केली. टाळ्या झाल्या, माइकवरून नाव पुकारलं. सवयीनं मामाही "मंजूर, मंजूर" म्हणाले.

मग त्यांनी कराराचा नमुना मागितला. मुलगा म्हणाला, ते सही झाल्यावर कुरिअरनं येतं. मामा म्हणाले, अहवाल वाचल्याशिवाय मी कारखान्यालाही मत दिलेलं नाही. शेवटी एक प्रत आली, बारीक अक्षरांची. मामांनी खिशातून भिंग काढलं. खूप वेळ काही बोलले नाहीत. नवव्या की दहाव्या कलमावर बोट थांबलं. आरक्षण उपलब्धतेनुसार.

इथं सांगायला हवं, की मामांनी नोकरी केली ती कारखान्याच्या शेतकी खात्यात. तीस-पस्तीस वर्षं ऊसनोंदी आणि तोडणीचा कार्यक्रम. ऊस शेतकऱ्याचा, शेअर शेतकऱ्याचा, नोंद वेळेवर केलेली; पण टोळी कधी येणार ते कार्यक्रमावर. मार्चमध्ये शेतकरी ऑफिसात येऊन बसायचा, उसाला तुरे फुटलेत साहेब, वजन घटतंय. आणि मामा फायलीतून मान वर न करता म्हणायचे, लागेल, तारीख लागेल. तोडणीची चिठ्ठी देणारा चिटबॉय ज्याच्या ओळखीचा, त्याची तारीख आधी लागायची, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि शेतकऱ्यालाही.

"लेकरा," मामा मुलाला म्हणाले, "हे वाक्य मी जन्मभर वापरलंय. दिवाळीत सगळ्यांच्या पोरांना सुट्टी. सगळे मेंबर एकदम गोवा मागणार. खोल्या तेवढ्याच. मग मला काय मिळणार? ऑगस्टातला मंगळवार."

मुलगा हसला, आणि माझ्या मते तिथंच तो त्या टेबलावरचा डाव हरला. मग मॅनेजर आला. तो हिंदीत बोलत होता. आजचा भाव फक्त आज, हॉलच्या बाहेर पडलात की एक लाखानं वाढणार. मामा म्हणाले, "घोडेगावच्या मार्केटला कांद्याचा व्यापारीसुद्धा हेच सांगतो. आज दिला तर दिला, उद्या पडणार." मॅनेजरला घोडेगाव कळलं नाही, पण आवाज कळला. दीड तासाचे तोवर तीन झाले होते.

घरी आल्यावर माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मामांनी हिशेब मांडला. तो मी पाहिलाय, खाडाखोड नाही. त्यांना सांगितलेला भाव चार लाख, वार्षिक फी वीस हजार. पंचवीस वर्षांच्या रात्री 175. चार लाखाला 175 नं भागलं की रात्रीला साधारण 2,286. मुलानं एवढंच सांगितलं होतं आणि ते स्वस्तच वाटतं. खाली मामांनी वार्षिक फी सात रात्रींवर वाटली: आणखी 2,857. त्याखाली एक रेघ मारून 'खरा हिशेब' असं लिहिलंय. चार लाख बँकेत ठेव ठेवले, सात टक्के धरले, तर वर्षाला 28,000 व्याज. त्यात न भरलेली फी 20,000. झाले 48,000. सात रात्रींना भागले तर रात्रीला 6,857 रुपये. एवढ्यात कुठल्याही गावात चांगली खोली मिळते, आणि पंचवीस वर्षांनी मुद्दल जागेवर. पुढं हॉटेलांचे दर चढतील हे खरं, पण फीही चढणारच. ती किती चढेल, हे करारात लिहिलेलं नव्हतं.

न्यू जर्सीतल्या पुतण्याला मामांनी व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, इकडं बड्या हॉटेलांच्या नावाचे आठवडेसुद्धा लोक नंतर एकेका डॉलरला विकायला काढतात आणि घेणारा मिळत नाही, कारण घेईल त्याच्या गळ्यात फी पडते. युरोपात असल्या करारावर सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. भांडायचं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायचं. भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असली तर तिथं चालतं. मामा थोडे हिरमुसल्यासारखे झाले. भांडायची एवढी चांगली सोय असताना भांडण मात्र हातात नव्हतं.

एक मात्र मामांच्या बाजूनं बोलणारे विसरतात. माझ्या ओळखीत अशी सभासदत्वं घेऊन सुखी असलेली माणसं आहेत. घरात शाळेत जाणारी पोरं, सुट्ट्या सहा महिने आधी पक्क्या करायची शिस्त, आणि दरवर्षी न चुकता बाहेर पडणारच अशी खुमखुमी. त्यांना हे परवडतं, कारण पैसे भरलेत म्हणून तरी ती घराबाहेर पडतात. मामांचं तसं नाही. त्यांच्या वर्षात रिकामा आठवडाच नसतो: कांदा काढणी, लगीनसराई, वारी, सप्ताह, सभा. मामींना त्यांनी एकदा भंडारदऱ्याला नेलं होतं, काजव्यांच्या दिवसांत. काजवे पाहायचे सोडून हे विल्सन धरणाच्या भिंतीवर उभं राहून मोजपट्टी वाचत बसले. 11,039 दशलक्ष घनफुटांपैकी किती शिल्लक, आवर्तन किती दिवस पुरेल. मामींना त्या रात्रीचं आठवतं ते एवढंच, आणि डास.

त्यामुळे खरी सभा नंतर स्वयंपाकघरात झाली. मामींनी ते माहितीपत्रक डब्याखालून काढलं, हिशेबाचं पान वर केलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार फिरण्यावर घालायची आपली ऐपत आहे. हे तुमच्याच अक्षरात आहे."

मामा म्हणाले, तो तुलनात्मक हिशेब आहे.

"मी कुठं मेंबर व्हा म्हणते? मुद्दल राहू द्या बँकेत. व्याज आणि फी माझ्याकडे काढून द्या. मला समुद्र बघायचाय. शिर्डी, पंढरपूर, तुळजापूर सोडून मी आयुष्यात कुठं गेले ते सांगा."

मामांनी हरकतीचा मुद्दा मांडून पाहिला. विषयपत्रिकेवर नव्हता. मामी म्हणाल्या, आयत्या वेळचा आहे. सूचक मामी, अनुमोदक सून, आणि ज्यानं साऱ्या चेअरमनांना घाम फोडला तो सभासद आपल्याच घरी गप्प. नोव्हेंबरात दोघं एसटीनं गणपतीपुळ्याला जाऊन आली, एमटीडीसीच्या निवासात चार रात्री. मामींनी चार दिवस चुलीचं तोंड पाहिलं नाही. मामांनी तिथल्या व्यवस्थापकाला निवासाचं भागभांडवल किती ते विचारलं; सरकारी आहे म्हटल्यावर त्यांचा रस गेला. गिफ्ट व्हाउचर अजून कपाटात आहे. ते वापरायचं तर आधी बुकिंग फी भरावी लागते, आणि तारीख कंपनी देणार आहे.

तुम्हाला असा फोन आला तर जरूर जा, बिस्किटं बरी असतात. सही मात्र त्या हॉलमध्ये करू नका. कागद घरी न्यायला मागा, नाही म्हणाले तर व्हाउचर घेऊन उठा. मामांना सोबत न्यायचं असेल तर आठ दिवस आधी कळवा. उपलब्धतेनुसार येतील.