पंचविध सुरक्षिततेचे सोवळे

सन 2007 मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याने अडीच कोटी रयतेची माहिती दोन तबकड्यांत भरून, नोंदणी न करताच, टपालाने रवाना केली आणि त्या कायमच्या अंतर्धान पावल्या, हे ज्यांना स्मरते त्यांना तेथील आजचे सोवळे पाहून अचंबा वाटेल. रुग्णांच्या नोंदी अभ्यासू इच्छिणाऱ्याने माणसे, प्रकल्प, जागा, माहिती व निष्कर्ष या पाचांच्या सुरक्षिततेचा दाखला द्यावा, इंटरनेटपासून तोडलेल्या पडद्यावरच आकडे न्याहाळावेत, आणि तक्त्याच्या एखाद्या चौकटीत चारच रुग्ण निघाल्यास ती कोरी करून मगच तक्ता बाहेर नेण्याची इजाजत मागावी, हे रास्तच आहे. परंतु वेल्समध्ये शुचिर्भूत ठरलेला हाच गृहस्थ स्कॉटलंडच्या वेशीवर पुन्हा पारोसा का ठरावा, याचा उलगडा कोणतेच दप्तर करीत नसे. अखेर 2023 साली डंडी विद्यापीठाच्या पुढाकाराने अशा नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांसाठी एक समाईक मानक सिद्ध झाले, आणि त्यातील खुबी अशी की, आपण त्यात कितपत बसतो याचे गुण प्रत्येक संस्थेने स्वतःच स्वतःस द्यावयाचे! परीक्षार्थी व परीक्षक यांचे असे मनोमीलन (आमच्या विद्यापीठांनी कृपया लक्ष देऊ नये) विरळाच. मानक उत्तम आहे; ते पाळण्याची सक्ती मात्र त्यात कोणावरही नाही.