लंगोटबंद

पंचवटीत ब्रह्मचाऱ्याला वशिला लागत नाही. अंजनेरीवर हनुमानाचा जन्म, टाकळीला समर्थांचं बारा वर्षांचं तप, आणि ऊर्मिलेला अयोध्येत ठेवून आलेला लक्ष्मण तर इथलाच रहिवासी. एवढी मंडळी पाठीशी असताना आमच्या तालमीतल्या काकांनी लग्न केलं नाही, यात नवल ते काय? समर्थ बोहल्यावरून पळाले. काका कांदेपोहे संपवून उठले, एवढाच फरक. असे एक लंगोटबंद काका प्रत्येक तालमीला असतातच.

ब्रह्मचर्य हा मनाचा भाग, असं लोक म्हणतात. काकांच्या मते तो शिवणकामाचा.

तालमीतला लंगोट म्हणजे मांजरपाटाचा दुहेरी त्रिकोण, दोन लांब बंद आणि पायांमधून मागे ओढून खोचायची पट्टी. तासाभराच्या कुस्तीला झकास. काका तो लावून कचेरीत दिवसभर बसत. गाठ खुर्चीला टोचे, काठ जांघेत काचे, वैशाखात घामोळं उठे आणि पांढऱ्या पँटमधून लाल रंग साहेबापर्यंत पोचे. मग सुधारणा सुरू झाल्या. आधी रंग गेला. गाठ मागून डाव्या कुशीला आली. पुढे गाठीच्या जागी चपटा हूक बसला. तो उठताबसता वाजतो म्हणून पुन्हा नाडी. शिवण बाहेरच्या अंगाला वळवली, कळी उरेब कापडाची घातली, मांजरपाट जाऊन वडिलांचं धुवून धुवून मऊ झालेलं धोतर आलं. भद्रकालीतला शिंपी वैतागून म्हणे, "काका, नवरदेवसुद्धा कोटाला एवढ्या ट्राया घेत नाहीत हो!"

कुणाला कळता कामा नये, ही पहिली अट. दोरीवर लंगोट वाळतो तो टॉवेलाखाली. आणि तालमीत नवं पोरगं आलं की हेच काका पिशवीतून ताजा नमुना काढून म्हणणार, "हात फिरव. शिवण लागते का सांग."

पुतण्याने एकदा मोबाइलवर दाखवलं, परदेशात पुरुषांसाठी कुलपाचे पोलादी पिंजरे मिळतात, किल्ली जोडीदाराकडे. काका उसळले. "किल्ली तिच्याकडे, तर ब्रह्मचर्य कुणाचं?" मग चष्मा लावून चित्र मोठं करायला लावलं. "कड गोल केलीय, शाबास. पण हवा कुठून खेळणार?"

खरी परीक्षा 2015च्या सिंहस्थात झाली. तपोवनातल्या साधुग्रामात त्यांना काठिया बाबांच्या परंपरेतले एक साधू भेटले. निंबार्क संप्रदायातल्या या साधूंचा कमरेचा आडबंध लाकडाचा आणि लंगोटही लाकडाचाच. लोक पाया पडून दक्षिणा ठेवत होते. काकांनी समोर बसकण मारली.

"बाबाजी, बैठते कैसे हो?"

"अभ्यास से, बच्चा."

साठीतल्या काकांना 'बच्चा' खटकलं नाही, 'अभ्यास' खटकला. असल्या गोष्टी अभ्यासावर सोडायच्या म्हणजे कारागिरीचा अपमानच. "अंदर से थोडा फेल्ट लगाया तो?"

बाबांनी चिमटा उचलला. काका दोन पावलं मागे सरले, पण तोवर कडेची जाडी नजरेने मोजून झाली होती. 2027चा सिंहस्थ आता तोंडावर आलाय आणि काका पंचवटी कारंजाजवळच्या सुताराला विचारून आलेत, सावर हलकी पडेल की पांगारा.