भरपाई वाढली, गुन्हेगार कुठे आहेत?

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्यात त्यासाठी पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तरी मॅनहोलमध्ये गुदमरून सफाई कामगार मेल्याची बातमी अजूनही येते. त्यापायी कोणी तुरुंगात गेल्याचे मात्र ऐकू येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेने २००३ साली याचिका केली. मार्च २०१४ मध्ये निकाल आला: १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकडून गटार साफ करून घेणे बंद करण्याचा हुकूम निघाला. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण पहिल्यांदा ऐकली नाही म्हणून कोणाचेच काही बिघडले नाही.

मुंबईतच पाहा. २०१९ च्या अखेरीस गोवंडीत सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. दहा लाखांचा आदेश तेव्हा पाच वर्षे जुना होता. तरी त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि आदेश मिळायला २०२१ साल उजाडले. दिल्लीतून मिळालेला हक्क गोवंडीतल्या बाईला पुन्हा भांडून मिळवावा लागत असेल, तर तो हक्क तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

भरपाई हवीच. घरातला कमावता माणूस गेल्यावर तीस लाख रुपये म्हणजे पोरांची शाळा आणि डोक्यावरचे छप्पर. पण हे पैसे बहुतेकदा सरकारी तिजोरीतून जातात. ज्याने माणूस खाली उतरवला तो कंत्राटदार आणि ज्याने डोळेझाक केली तो अधिकारी, दोघांच्या खिशाला झळ लागत नाही. मग यंत्र घेण्यापेक्षा माणूस उतरवणेच स्वस्त पडते.

न्यायालयाने राज्यकारभार चालवू नये, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याच निकालाचा हिशेब मागणे म्हणजे राज्यकारभार चालवणे नव्हे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट कलम ३२ ने दिली. त्या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते. कलम १४४ प्रमाणे देशातले प्रत्येक प्रशासन या न्यायालयाला साहाय्य करण्यास बांधलेले आहे. कलम १२९ ने अवमानाची शिक्षा देण्याचा अधिकार दिला आहे. हत्यारे सगळी हाताशी आहेत.

ती आता वापरा. गटारात मृत्यू झाला की त्या शहराच्या आयुक्ताला समोर उभे करा. गुन्हा कोणावर नोंदला, आरोपपत्र कधी दाखल झाले, विचारा. भरपाईची रक्कम कंत्राटदाराकडून आणि दोषी अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करायला लावा. आणि पहिली शिक्षा होईपर्यंत खटला तारखांच्या यादीतून उतरू देऊ नका. जगण्याचा हक्क कलम २१ मध्ये आहे, हे न्यायालयाने वारंवार सांगितले. तो मोडणाऱ्याला शिक्षा होते, हे अजून दाखवायचे आहे.