दाट म्हणजे पौष्टिक

आमच्या घरात दाटपणाला मान आहे. दुधावर साय धरली नाही, की आई दूधवाल्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलू लागते. वरण पातळ झालं, तर ‘ऐनवेळी कोण आलं होतं?’ असं विचारते. या संस्कारांत वाढलेल्या माणसाला दुकानदार पाण्यासारखं ऑइल दाखवतो आणि वर त्याचे दाट ऑइलपेक्षा जास्त पैसे मागतो, तेव्हा तो लुबाडतोय याबद्दल शंकाच उरत नाही.

माझी गाडी छोटी. तीन सिलिंडरचं इंजिन, आठशे सीसी म्हणायचं पण त्यातही चार कमी. चेंबरमध्ये ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. दिवाळीच्या तळणाला आम्हाला याहून जास्त लागतं. पण तळणाबद्दल सोसायटीत कोणी सल्ला देत नाही. ऑइलबद्दल सगळे देतात.

“ट्वेंटी-फिफ्टी घाल,” तळमजल्यावरचे काका म्हणाले. “डब्ल्यू म्हणजे वेट. वीसचं वजन, पन्नासची ताकद. बाळंतिणीला डिंकाचा लाडू, तसं इंजिनाला हे!” काकांनी वीस वर्षं अँबॅसडर सांभाळली होती आणि तिला तो लाडू मानवलाही होता. मला आणखी पुरावा नको होता.

गॅरेजातल्या पोऱ्याने मी नेलेलं ऑइल निमूटपणे भरलं. डबा उरला होता. डिपस्टिकवर दोन खुणा असतात आणि ऑइल त्यांच्या मध्ये असावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण पानात जागा दिसली की वाढायचं, ही आमच्याकडची रीत. घरी आल्यावर मी इंजिनाला आणखी अर्धा लिटर आग्रहाने वाढलं.

जानेवारी उजाडला. पुण्यातल्या सकाळी खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात बसू लागली, आणि गाडी सुरू होताना माझ्यासारखी कण्हू लागली. अ‍ॅव्हरेज उतरला, पिकअप गेला. “तिलाही ठेवा गरम पाण्यात,” बायको म्हणाली. मी तिच्या यांत्रिक अज्ञानावर हसलो. ते हसू गॅरेजपर्यंतच टिकलं.

मिस्त्रींनी डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. “साहेब, चेंबरमध्ये ताक करायचंय का?” ऑइल खुणेच्या फार वर गेलं, की खाली फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि ते रवीसारखं घुसळतो. फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. “आणि ट्वेंटी-फिफ्टी कोणी सांगितलं? पुस्तक बघितलं का?”

पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. गाडीच्या पूजेला त्याच्यावरही हळदकुंकू वाहिलं होतं. उघडायचं मात्र राहून गेलं होतं. त्यात स्वच्छ छापलं होतं: ५डब्ल्यू-३०.

डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली चाल सांगतो: जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यातही पटकन वाहतं. खोबरेलासारखं इंजिन ऑइल आपल्या थंडीत थिजत नाही, पण सुस्तावतं. आणि ते वर कॅमपर्यंत पोचेस्तोवर तिथे धातूवर धातू घासत राहतो. पुढचा आकडा शंभर अंशांना तापलेल्या ऑइलचा दाटपणा. छोट्या नव्या इंजिनातल्या फटी अरुंद; तिथे पातळ ऑइल सहज शिरतं. दाट ऑइल ढकलण्यातच इंजिनाची शक्ती जाते. गाडी पळेनाशी होत नाही, नुसती कुरकुरते आणि पेट्रोल पिते.

“पण आधीचं ऑइल महिन्याभरात काळं पडलं होतं,” मी शेवटचा मुद्दा मांडला.

“पडणारच. आतली काजळी ते स्वतःच्या अंगावर घेतं. फडकं पांढरंच राहिलं, तर घर पुसलं कुणी?”

नवं ऑइल पडलं. डब्यात उरलेलं मी या वेळी गाडीला वाढलं नाही. मेव्हण्याने मोटरसायकलसाठी नेलं. “गाडीचं महागाचं ऑइल! बाइक नुसती उडेल.” दोन दिवसांनी फोन आला: आवाज बुलेट ट्रेनचा, वेग बैलगाडीचा. बाइकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजत असतो, आणि गाडीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. क्लच बिचारा घसरतो. म्हणून बाइकच्या डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं. हे मी त्याला अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं. आवाज काकांकडून उचलला होता. मजकूर तेवढा पुस्तकातला.

काकांनाही सांगून पाहिलं. “विंटर? आपल्याकडे कुठला आलाय विंटर!” एवढं बोलून ते स्वेटरची बटणं लावत आत गेले.

रात्री पानात वरण आलं. हलवलं, तर ताटाचा तळ दिसला. आई माहेरी भावाकडे गेली होती, त्यामुळे चौकशीची जबाबदारी माझ्यावर आली.

“आजचा ग्रेड कोणता?”

“झिरो डब्ल्यू,” बायको म्हणाली. “फटी अरुंद असल्या तरी लगेच पोचतं. जेवा.”