तुळशीची दिवेलागण

आमच्या इंझोरी गावात पौष महिन्यात उन्हाचं कोणाला कौतुक नसतं. अंगण भरतं, ओटा भरतो, म्हातारी माणसं पाठ शेकून घेतात, तरी ऊन उरतंच. त्यामुळे टोरंटोच्या पुतणीनं व्हिडिओ कॉलवर तुळशीची कुंडी दाखवली, तेव्हा आमची माय बघतच राहिली. कुंडीवर जांभळा उजेड, आणि त्यात पानं काळी ठिक्कर.

"काहून वं पोरी, तुयशीले ऑर्केस्ट्राचा लाईट लावला काय?"

"आजी, ऊनच नाही ना इकडं!"

खरंच नाही. आपल्याकडं डिसेंबरातला लहान दिवसही अकरा तासांचा. तिकडं जेमतेम नऊ, त्यात ढग आणि बंद काच. म्हणून एलईडी. झाडाला मुख्यतः लाल आणि निळा उजेड लागतो, हिरवा ते त्या मानानं जास्त परत फेकतं. दिव्यात हिरवाच नसला, की पान काळं दिसणार. मला विचाराल तर साधी पांढरी ट्यूबही चालते, झाडाची कळाही राहते. फक्त ती वीतभर वर हवी. छताचा दिवा माणसांसाठी असतो. कुंडीपर्यंत येता येता त्याचा जीव निघून जातो. हे खूळ तसं नवं नाही. विल्यम सीमेन्सनं १८८० सालीच विजेच्या दिव्याखाली वाढवलेली रोपं लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवली होती.

शेजारी कढीपत्ता होता, पार खराटा झालेला. थंडीत तो पानं गाळून बसतो. अशा वेळी मायेपोटी पाणी ओतलं की मुळं कुजतात. बोट खुपसून माती कोरडी लागली, तरच घालावं. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहाव्या, नाहीतर ती बी धरते आणि वाळायला लागते. हे पुतणीला मायनंच सांगितलं.

"अन् लाईट कितीक वेळ?"

"चौदा तास. टायमर आहे."

मायच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हेवा दिसला. आमच्याकडं शेतीच्या लाईनचा रात्रीचा फेरा आला, की कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन रात्री दोनला हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. आणि तिथं एका कुंडीला चौदा तास अखंड लाईन! वीस वॅटचा दिवा आहे, साडेतीन दिवसांत एक युनिट जळतं, असा हिशेब मी मांडून दाखवला. मायला तो पटला नाही. प्रश्न युनिटचा नव्हताच.

खरा पेच पुढं आला. दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावू नये, हा घरचा दंडक. टोरंटोत सूर्य पावणेपाचलाच मावळतो, पुतणी सहाला घरी येते, आणि तुळशीचा दिवस टायमरवर रात्री नऊपर्यंत चालू. मग काढ्याला पानं खुडायची कधी?

माय थोडा वेळ विचारात पडली.

"थ्या तुयशीले कोठं माहीत हाय भायेर अंधार पडला म्हून? नऊ वाजेलोक तोड. मांगून हात नको लावू."

"आणि निरांजन?"

"थे सूर्याच्या टायमानं लाव."

"आजी, तेव्हा मी ऑफिसात असते."

"मंग त्यालेबी टायमर लाव," म्हणत मायनं फोन माझ्या हातात दिला.